बहुज्ञ शेतकरी आणि विशेषज्ञ सल्लागार

"एक ना धड, भाराभर चिंध्या" ही म्हण आपल्याकडे अनेक विषयांत हात घालणाऱ्या माणसाला उद्देशून सर्रास वापरली जाते. एका विषयाचा पुरता अभ्यास केलेला माणूस आदरास पात्र, आणि दहा विषयांची थोडथोडी माहिती असलेला माणूस उपहासास पात्र, असा तिचा मथितार्थ आहे. पुष्कळ धंद्यांना हा न्याय योग्यच आहे. डोळा दुखूं लागला तर मनुष्य डोळ्यांच्या डॉक्टराकडे जातो, आणि घड्याळ बिघडलें तर तें घड्याळजीकडेच देतो. परंतु शेतीच्या धंद्याला हा न्याय जसाच्या तसा लावतां येईल काय, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न केवळ शब्दांचा नाहीं. सल्ला कोणाचा घ्यावा, घेतलेला सल्ला कितपत पाळावा, सगळी जमीन एकाच पिकावर टाकावी कीं नाहीं, मुलांना कोणतें शिक्षण द्यावें, हे सर्व निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत; आणि त्यांत चूक झाली तर तिची किंमत केव्हां केव्हां जमिनीच्या रूपानें द्यावी लागते.

प्रश्न एक, शास्त्रें अनेक

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला कीं शेतकऱ्यापुढें एक साधा दिसणारा प्रश्न उभा राहतो : पेरणी आज करावी कीं चार दिवस थांबावें ? या एका प्रश्नांत किती शास्त्रें गुंतलेलीं आहेत तें पाहावें. ओल किती खोल गेली आणि वाफसा आला कीं नाहीं, हा मृत्तिकाशास्त्राचा विषय. पुढें उघडीप पडेल काय, हा हवामानशास्त्राचा. हाताशीं असलेलें वाण किती दिवसांत तयार होतें, हा वनस्पतिशास्त्राचा. खरीप ज्वारीची पेरणी लांबली तर खोडमाशीचा उपद्रव वाढतो, हा कीटकशास्त्राचा. बैलांच्या अंगांत ताकद किती उरली आहे, हा पशुवैद्यकाचा. आणि दुबार पेरणीची वेळ आली तर बियाण्याला पैसा कोठून आणावयाचा, हा अर्थशास्त्राचा. या सहा शास्त्रांचे सहा पंडित सहा खोल्यांत बसून सहा उत्तरें देऊं शकतील. शेतकऱ्याला मात्र एकच उत्तर द्यावें लागतें, आणि तेंही वाफसा टिकून आहे तोंपर्यंत.

आपल्या जुन्या गांवगाड्याची रचना पाहिली तरी हेंच दिसून येतें. लोहार फाळ पाजवी, सुतार पाभर व गाडी नीट करी, चांभार मोट शिवी, जोशी पंचांग सांगे. हे सर्व आपापल्या कामांत प्रवीण असत. त्यांच्यामध्यें उभा असलेला कुणबी यांपैकीं एकाही कसबांत पारंगत नसे. तरी फाळ केवढा हवा, मोट किती पाण्याची हवी, पाभरीच्या फणांत अंतर किती असावें, हें सांगणारा तोच असे. कारण फाळ लोहारसाळेंत घडला तरी त्याची परीक्षा कुणब्याच्या शेतांत होई. त्या व्यवस्थेंतील जातिबंधनें आणि वेठबिगार हीं अन्यायाचीं होतीं, आणि तिचा गौरव करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. कसब अनेकांकडे असलें तरी त्यांची सांगड घालणारा एक असावा लागतो, एवढेंच आम्हांस त्यांतून दाखवावयाचें आहे.

आज बलुतेदारांच्या जागीं नवे जाणकार आले आहेत. मातीचें परीक्षण करणारी प्रयोगशाळा, कृषि विद्यापीठांतील संशोधक, पशुवैद्य, ठिबक-संच बसविणारा कारागीर, औषधांचा दुकानदार, बँकेचा अधिकारी, अशी ही यादी वाढतच आहे. परंतु त्यांच्यामधली जागा पूर्वीं ज्याची होती त्याचीच आजही आहे.

बहुज्ञ कोणास म्हणावें ?

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अनेक विषयांची वरवर माहिती असणें आणि बहुज्ञ असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. बाजारांत ऐकलेल्या दहा गोष्टी जो दहा ठिकाणीं लावून पाहतो, यंदां शेजाऱ्याचें पाहून आलें लावतो आणि पुढच्या वर्षीं दुसऱ्याचें पाहून डाळिंब, त्याला वरील म्हण खुशाल लावावी. खरा बहुज्ञ तीन लक्षणांवरून ओळखतां येतो. पहिलें लक्षण असें कीं, एका गोष्टीचा दुसरीशीं संबंध कसा येतो हें तो जाणतो. पाणी वाढविलें तर तण वाढेल, तण वाढलें तर मजुरी वाढेल, मजुरी वाढली तर हप्ता थकेल, ही साखळी त्याला दिसते. दुसरें लक्षण, आपलें ज्ञान कोठें संपतें याची त्याला जाणीव असते. त्यामुळें कोणाला, केव्हां आणि काय विचारावें हें त्याला समजतें. तिसरें लक्षण सर्वांत महत्त्वाचें आहे. परिणामांची सर्व जबाबदारी तो स्वतःवर घेतो. विशेषज्ञाचा सल्ला चुकला तर त्याचें एक अनुमान चुकतें. शेतकऱ्याचें वर्ष चुकतें.

विशेषज्ञाची दृष्टि खोल जाते, परंतु ती खोल जावी म्हणून तिला अरुंद व्हावें लागतें. विहीर खणणाऱ्यानें सारें शेत खणून चालत नाहीं. हा विशेषज्ञाचा दोष नव्हे. तो त्याच्या कामाचा धर्मच आहे. संकट तेव्हां उद्भवतें जेव्हां अरुंद प्रश्नाचें बरोबर उत्तर साऱ्या शेताचें उत्तर म्हणून स्वीकारलें जातें. याचें एक उदाहरण आपल्या जवळचेंच आहे.

नीरेच्या खोऱ्याचा धडा

इ. स. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहूं लागला, आणि बारामती-इंदापूरकडील अवर्षणाच्या मुलखांत पाटाचें पाणी खेळूं लागलें. जेथें ज्वारीच्या पिकाचाही भरंवसा नव्हता तेथें ऊंस उभा राहिला. कालवा बांधणाऱ्यांनीं आपलें काम उत्तम केलें होतें. उंसाला पाणी व खत भरपूर लागतें असें सांगणाराही चुकीचें सांगत नव्हता. गुळाचा भाव पाहून लागण वाढविणारा शेतकरीही हिशेबाला पक्का होता. प्रत्येकाचें उत्तर ज्याच्या त्याच्या प्रश्नापुरतें बरोबर होतें. परंतु उंसानें न घेतलेलें पाणी जातें कोठें, हा प्रश्न मात्र कोणा एकाच्या वाट्याचा नव्हता.

तें पाणी खालीं मुरत गेलें. खोल काळ्या जमिनींतून निचरा सावकाश होतो; म्हणून जमिनीखालील पाण्याची पातळी वर्षानुवर्षें चढत गेली. पाणी पृष्ठभागाजवळ आलें कीं मातीच्या बारीक छिद्रांतून तें वर ओढलें जातें, उन्हानें त्याची वाफ होऊन जाते, आणि त्यांत विरघळलेले क्षार वरच्या थरांत सांचत राहतात. प्रथम सखल भागांतील पीक पिवळें पडतें, मग ढेंकळांवर पांढरा फेर दिसूं लागतो, आणि शेवटीं जमीन पाणथळ, खारवट किंवा चोपण होऊन बसते. यांत अधिक दुःखाची गोष्ट अशी कीं, पाणी एकानें द्यावें आणि नुकसान त्याच्या खालच्या अंगाच्या शेजाऱ्याचें व्हावें, असें पुष्कळदां घडतें. डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हाणे यांनीं या खोऱ्यांतील खारवट जमिनींची पाहणी करून ती १९१० सालीं प्रसिद्ध केली. कालवा वाहूं लागून त्या वेळीं अवघीं पंचवीस वर्षें झालीं होतीं.

हा इतिहास तेथेंच संपला असता तर आम्हीं तो येथें उगाळला नसता. परंतु सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील कृष्णाकांठच्या अनेक गांवांतही पुढें हाच प्रकार घडला. तेथें जमिनींत सच्छिद्र नळ पुरून निचरा करण्याचे उपाय योजावे लागले आहेत, आणि ते एकट्यादुकट्याच्या शेतांत साधत नाहींत. ओढ्यापर्यंत पाणी नेण्यासाठीं साऱ्या शिवाराला एकत्र यावें लागतें. पाणी देणें हें एका माणसाचें काम असूं शकतें; पाण्याची वाट लावणें हें गांवाचें काम होऊन बसतें.

बांध ओलांडणारे शास्त्रज्ञ

वर ज्यांचें नांव आलें ते डॉ. मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामांत चहाच्या मळ्यांविषयीं संशोधन करून १९०७ सालीं ते पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल म्हणून आले. खाऱ्या मातीचें पृथक्करण करून त्यांना थांबतां आलें असतें. परंतु मातींत काय कमी आहे हें सांगितल्यावर तें भरून काढण्याची ऐपत शेतकऱ्याला आहे काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो. आणि त्याचें उत्तर परीक्षानळींत सांपडत नाहीं. म्हणून त्यांनीं सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हाणे आदि सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर या एका गांवाचा समग्र अभ्यास केला : जमीन, पाणी, पिकें, जनावरें, वाटण्या, कर्ज, घरखर्च. तो १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. १७७१ सालीं त्या गांवांत सरासरी धारणा ४० एकरांची होती ती १९१४-१५ सालीं ७ एकरांवर आली होती, हें त्यांतून उघड झालें. सात एकरांचे तुकडे चार ठिकाणीं विखुरलेले असतां सुधारलेल्या नांगराचें व्याख्यान देणें व्यर्थ आहे, हें अशा पाहणीमुळेंच ध्यानांत येतें.

दुसरें उदाहरण सर आल्बर्ट हॉवर्ड यांचें. इंग्लंडांतील एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले हॉवर्ड वेस्ट इंडीज बेटांत बुरशीजन्य रोगांचे विशेषज्ञ म्हणून काम करीत होते. उंसाच्या रोगांवर ते सल्ला देत, परंतु तो सल्ला स्वतः पिकावर अजमावून पाहण्यास त्यांच्यापाशीं जमीन नव्हती. आणि जो उपाय आपण स्वतः केलेला नाहीं तो दुसऱ्यास कोणत्या तोंडानें सांगावा, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. १९०५ सालीं ते बिहारांतील पुसा येथें आले तेव्हां त्यांनीं आग्रहानें ७५ एकर जमीन मिळविली आणि तिच्यावर स्वतः पिकें घेतलीं. आसपासच्या रयतेची शेती ते बारकाईनें पाहत, आणि तिला आपले गुरु मानीत. गव्हाचीं प्रसिद्ध पुसा वाणें त्यांनीं व त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांनीं याच ठिकाणीं तयार केलीं.

पुढें १९२४ सालीं इंदुरास जी संस्था निघाली तिच्यांत हॉवर्ड यांनीं रसायन, कीटक, बुरशी असे कप्पे न पाडतां पीक हेंच अभ्यासाचें केंद्र धरलें. तेथील कामाचें फळ म्हणजे इंदूर पद्धतीचें कंपोस्ट खत. यशवंत वाड यांच्या सहकार्यानें लिहिलेला त्याविषयींचा ग्रंथ १९३१ सालीं बाहेर पडला. या खतांत नवें द्रव्य एकही नाहीं. शेतांतील पालापाचोळा व धसकटें, गोठ्यांतील शेण, मुतानें भिजलेली माती, चुलींतील राख आणि पाणी, एवढाच सरंजाम. कापसाच्या पळाट्यांसारखे कठीण पदार्थ गाडीवाटेवर पसरून चाकांखालीं चिरडून घ्यावयाचे, थर रचावयाचे, वेळच्या वेळीं उलथापालथ करावयाची, कीं सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. यांतील प्रत्येक वस्तु शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची होती. गोठा, चूल, बांध आणि वाट यांचा एकमेकांशीं संबंध जोडणें एवढेंच नवीन होतें. आणि तो संबंध कोणत्याही एका शास्त्राच्या खोलींत बसून दिसला नसता.

हॉवर्ड यांचें सर्वच म्हणणें मान्य करावें असें आम्ही म्हणत नाहीं. जमिनीस उत्तम सेंद्रिय खत मिळालें कीं पिकांना व जनावरांना रोगच होणार नाहीं, हा त्यांचा विश्वास अनुभवानें सर्वस्वीं खरा ठरलेला नाहीं. बहुज्ञाचाही एक मोह असतो, तो हाच : एकदां सर्व गोष्टींचा संबंध दिसूं लागला कीं एकाच किल्लीनें सर्व कुलपें उघडतील असें त्याला वाटूं लागतें.

एका अळीची गोष्ट

बहुज्ञता व विशेषज्ञता हा भेद किडींतही आहे. घाटे अळी, जिला कापसावर हिरवी बोंडअळी म्हणतात, ती हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो, मका अशा अनेक पिकांवर निर्वाह करते. शेंदरी बोंडअळी मात्र जवळजवळ सर्वस्वीं कापसावरच अवलंबून असते. बोंडाच्या आंत शिरून ती सरकी खाते, आणि बाहेरून बोंड चांगलें दिसत असतांना आंतून पोकळ करते. भारतांत बीटी कापसाला २००२ सालीं परवानगी मिळाली. हें काम विशेषज्ञांच्या कौशल्याचा नमुनाच होता, आणि त्यामुळें हिरव्या बोंडअळीचा उपद्रव पुष्कळच कमी झाला. २००६ पासून दोन जनुकांचें वाण आलें. तरीही शेंदरी अळी त्या विषाला हळूहळू सरावली, आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील कापूस तिनें मोठ्या प्रमाणावर पोखरून काढला. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. ही हानि पैशांत मोजतां येत नाहीं.

असें कां झालें ? बियाण्यांतील गुण हें उत्तराचें अर्धें अंग होतें. उरलेलें अर्धें अंग शेताच्या व्यवस्थेंत होतें. शेताच्या कडेनें साध्या कापसाच्या ओळी लावाव्या, म्हणजे विषाला न सरावलेल्या अळ्या तेथें टिकतील व सरावलेल्यांशीं त्यांचा संकर होत राहील, असें शास्त्र सांगत होतें. त्यासाठीं पिशवीबरोबर साध्या सरकीची वेगळी पुडी मिळे. परंतु ती ओळ म्हणजे फुकट गेलेली ओळ असें समजून अनेकांनीं ती पुडी टाकून दिली. तिच्यामागचें कारण समजावून सांगण्यास सांगणारेही कमी पडले. दुसरें असें कीं, वेंचणी संपल्यावर पाणी देऊन फरदड घेण्याची चाल वाढली, आणि कापूस मार्चपर्यंत शेतांत उभा राहूं लागला. जी कीड एकाच पिकावर जगते तिला उपाशी ठेवणें शक्य असतें. हंगाम वेळीं संपविला, पळाट्या काढून टाकल्या व चार-पांच महिने शेत कापसाविना ठेवलें कीं तिचा वंश खुंटतो. फरदडीनें तिला बारमाही अन्नछत्र मिळालें.

या अळीचा दुबळेपणा तोच एकपिकी शेतकऱ्याचाही असतो. जो सर्वस्वीं एका पिकावर जगतो त्याला एका हंगामाचा रोग किंवा एका बाजाराचा भाव उपाशी ठेवूं शकतो. आमच्या वाडवडिलांनीं पाभरीमागें मोघण धरून ज्वारीबाजरीच्या ओळींत तुरीची ओळ घातली ती याच जाणिवेनें. ज्वारीचीं तंतुमय मुळें वरची ओल घेतात, तुरीचें सोटमूळ खोल जातें. ज्वारी आधीं निघते, तूर मागें राहते आणि मुळांवरील गांठींतून हवेंतील नत्र मिळविते. पाऊस लवकर गेला तर ज्वारी हातीं लागते, उशिरां आला तर तूर. कोणत्याही एका पिकाचा उच्चांक अशा शेतांत होणार नाहीं हें खरें. परंतु धान्याची कणगी अगदीं रिकामी राहण्याचाही प्रसंग सहसा येणार नाहीं. ज्याच्यापाशीं पाणी, भांडवल व भरंवशाची बाजारपेठ आहे त्यानें द्राक्षाची किंवा फुलांची एकमार्गी शेती जरूर करावी. मात्र घरचें धान्य, चारा व एखादें दुभतें जनावर राखून ती करावी, असें आमचें मत आहे.

विशेषज्ञांचें ऋण

येथवरच्या विवेचनावरून आम्ही विशेषज्ञांना कमी लेखतों असा कोणी ग्रह करून घेऊं नये. कांहीं गोष्टी अशा आहेत कीं, शंभर पिढ्यांच्या अनुभवानेंही त्या शेतकऱ्याला उमगल्या नसत्या. गव्हावरील तांबेरा दर वर्षीं येतो कोठून ? उत्तर हिंदुस्थानच्या मैदानांतील उन्हाळ्यांत त्याचे बीजकण तग धरूं शकत नाहींत. ते थंड डोंगराळ प्रदेशांत जगून राहतात व वाऱ्याबरोबर पुन्हां खालीं येतात, हें आग्रा येथील डॉ. करमचंद मेहता यांनीं अनेक वर्षांच्या एकनिष्ठ संशोधनानें दाखविलें. आपल्या शेतांत उभें राहून कितीही निरीक्षण केलें तरी शेंकडों मैलांवरील हा उगम दिसणें शक्य नव्हतें.

बुळकांडीचेंही तसेंच. या रोगानें एकेका सांथींत गोठेच्या गोठे ओस पाडले. मुक्तेश्वर येथील संस्थेंत जे. टी. एडवर्ड्‌स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत शेळ्यांमधून काढलेल्या लसीचें काम केलें; पुढें अधिक चांगल्या लसी आल्या, देशभर टोंचणी झाली, आणि २०११ सालीं हा रोग साऱ्या जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. आज ज्यांच्या दावणीला बैल आहे त्या प्रत्येकानें हें ऋण मानलें पाहिजे. मात्र लस शोधणाऱ्याइतकाच, आपल्या गोठ्यांतील आजारी जनावराची वर्दी वेळेवर देणारा गोपालकही त्या यशाचा वांटेकरी होता. खोल ज्ञान आणि व्यापक दृष्टि यांची भेट झाली तरच असें कार्य तडीस जातें.

व्यवहारांत काय करावें ?

या विचाराचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा म्हणून कांहीं सूचना करतों. कोणताही सल्ला घेतांना शेतकऱ्यानें पुढील पांच प्रश्न अवश्य विचारावे. (१) हा उपाय कोणत्या जमिनींत व किती पावसाच्या प्रदेशांत अजमावलेला आहे ? (२) त्याचा माझ्या शेतांतील दुसऱ्या कशावर परिणाम होईल : पाण्यावर, जनावरांवर, मधमाश्यांवर, पुढच्या पिकावर, खालच्या शेजाऱ्यावर ? (३) तो लागोपाठ पांच वर्षें केला तर काय होईल ? (४) एकरीं खर्च किती वाढेल, आणि भाव पडला तरी तो निघेल काय ? (५) सल्ला देणाऱ्याचा कांहीं माल विकला जाण्यांत हितसंबंध आहे काय ? पांचवा प्रश्न तोंडानें विचारण्याचा नसून मनाशीं विचारावयाचा आहे. ज्या सल्लागाराला हे प्रश्न आवडतात तो आपला खरा मित्र समजावा.

दुसरी सूचना अशी कीं, नवी गोष्ट प्रथम चार गुंठ्यांवर करून पाहावी, आणि शेजारीं चार गुंठे जुन्या पद्धतीनें ठेवावे. दोहोंचें वजन, खर्च व तारखा टांचणवहींत लिहून ठेवाव्या. स्मरणशक्ति चांगल्या वर्षाला मोठें व वाईट वर्षाला लहान करते. वही तसें करीत नाहीं. बियाण्याची निवड, दुभत्याची निगा व तणांची ओळख यांत घरांतील स्त्रियांचें ज्ञान पुरुषांहून बहुधा सरस असतें; तेंही त्या वहींत आलें पाहिजे.

तिसरी सूचना बहुज्ञांसाठींच आहे. शेतीच्या सर्व अंगांवर नजर ठेवणाऱ्यानें निदान एक विषय तरी मुळापर्यंत शिकावा, मग तो कलमें बांधण्याचा असो, जमाखर्चाचा असो, वा गुरांच्या पैदाशीचा असो. एका विषयाचा तळ ज्यानें पाहिला आहे त्याला इतर विषयांतील आपलें पाणी किती उथळ आहे हें कळतें. ज्यांचीं मुलें किंवा मुली कृषि महाविद्यालयांत जात आहेत त्यांनीं हाच नियम उलट लावावा : त्यांनीं विशेष विषय खुशाल निवडावा, परंतु दर वर्षीं एक हंगाम तरी घरच्या शेतांत पेरणीपासून विक्रीपर्यंतचा हिशेब स्वतः ठेवावा.

शेवटची सूचना आपल्या संघासंबंधीं आहे. एका शेतकऱ्याला सर्व कांहीं शिकणें शक्य नाहीं, आणि आज शेतीचें ज्ञान इतकें वाढलें आहे कीं तसा हट्ट धरणेंही शहाणपणाचें नाहीं. परंतु एका गांवांत वीस शेतकरी असतील आणि त्यांतील प्रत्येकानें एक विषय नीट पारखला असेल, तर त्या वीस जणांत मिळून जें ज्ञान उभें राहतें तें कोणत्याही एका पंडितापाशीं नसतें. एकानें मातीपरीक्षणाचे अहवाल वाचावे, एकानें बाजारभावाची नोंद ठेवावी, एकानें किडींवर लक्ष ठेवावें, एकानें कायदे व योजना समजून घ्याव्या, आणि सर्वांनीं महिन्यांतून एकदां एकाच्या बांधावर जमून त्या एका शेताचा सर्व बाजूंनीं विचार करावा. निचऱ्याचा चर असो वा कापसाचा हंगाम वेळीं संपविणें असो, आज आपल्यापुढील पुष्कळ कामें एका शेताच्या हद्दींत मावणारीं नाहींत. येत्या मृगापूर्वीं ज्या गांवांत अशी पहिली बैठक होईल तेथील सभासदांनीं तिचा वृत्तांत या मासिकाकडे अवश्य पाठवावा. इतर गांवांना त्याचा लाभ होईल.